झाकली मूठ

शनिवारी सातला मी मैदानात असते.
बादली, फावडं, गुलाबी रंगाचा फवारा.
नऊ वर्षांखालच्यांचा रग्बीचा सामना दहाला,
आणि दवातल्या गवतात
जे डोळ्याला दिसत नाही
ते बुटाला बरोबर सापडतं.

मागच्या मार्चमध्ये टोमोस
रेषेपलीकडे चेंडू टेकवायला झेपावला.
चेंडू टेकला. तो उठला,
आणि टाळ्या वाजवणारे हात
एकेक करून नाकाशी गेले.
क्लबच्या मागच्या नळाशी
आईनं त्याला धुतलं, किटलीतलं कोमट पाणी घालून,
डोळे आधी, मग तोंड, मग पुन्हा डोळे.
रडला नाही. एवढंच विचारलं,
'पण गुण धरले ना?'

तेव्हापासून प्रत्येक ढिगाभोवती
मी गुलाबी वर्तुळ काढते, मग ढीग उचलते.
वर्तुळ आठवडाभर राहतं.
बंद खाणीच्या टेकडीवरून पाहिलं
तर मैदानाला गोवर उठल्यासारखा दिसतो.

फाटकावर पाटी लावली,
वेल्श वर, इंग्रजी खाली.
कुत्र्यांना दोन्ही येत नाहीत, हिवेल म्हणाला.
समितीच्या बैठकीत चहा थंड झाला आणि संशय गरम:
नव्या वसाहतीतला तो गोंदवलेला डॅरिल,
त्याचा बुलडॉग, त्याचं ते चालणं.
माझाही हात वर गेला.
नंतर तो हात मला कुठं ठेवावा कळेना,
कारण डॅरिलच्या खिशात पिशव्यांचं अख्खं भेंडोळं असतं
आणि लोकांच्या कुत्र्यांचंही तो उचलतो,
मोठ्यानं शिव्या घालत.

नोव्हेंबरात एकदा झोप आली नाही, सहालाच गेले.
धुक्यात पेन्री सर.
त्यांनी मला भूगोल शिकवला होता,
फळ्यावर न बघता आफ्रिका काढायचे.
सोबत टेग, बारीक, राखाडी.
ती ओल्वेनबाईंची. बाई गेल्या, टेग राहिली.

बावीस मीटरच्या रेषेवर टेग बसली.
सर पाठ फिरवून उभे राहिले,
बंद दाराबाहेर थांबावं तसे.
मग पिशवी हातात चढवली,
एक गुडघा टेकला, थोड्या वेळानं दुसरा,
गवत चाचपलं,
आणि ओल्या मातीचं एक ढेकूळ
गवतासकट उपटून
पिशवी उलटी केली. गाठ. वर आणखी एक गाठ.
वीतभर अंतरावर खरा ऐवज वाफाळत होता.

पावलं मोजत ते डब्यापाशी गेले,
कड हातानं शोधली, पिशवी आत सोडली.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझ्या हातातला फवारा खुळखुळला.
'कोण? मेरेरिद का?
बरं झालं, कोणीतरी बघतंय या मैदानाकडे.
पोरं खेळतात इथं.
लोक हल्ली वाकायलाच तयार नसतात.'
मी म्हटलं, हो सर.
दुसरं काय म्हणणार होते?
की सर, आफ्रिका चुकली?

आता मी रोज सहाला जाते.
मंगळवारी आणि गुरुवारी डॅरिल जातो.
मी त्याला काही समजावलं नव्हतं,
त्यानंही कुठंतरी धुक्यात उभं राहून पाहिलं असणार.
सर फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही थांबतो.
त्यांच्या ढिगाभोवती वर्तुळ काढत नाही.
हे बरोबर नाही, मला माहीत आहे.
दवाखान्यात कोणीतरी न्यायला हवं त्यांना,
कोणीतरी म्हणजे मीच.
पण डोळे तपासले की पुढचा प्रश्न टेगचा येईल,
तो मला विचारायचा नाही, निदान नाताळपर्यंत.

बावीस मीटरच्या रेषेजवळ
मुठीएवढे खड्डे पडलेत, अकरा, बारा.
बादलीतून माती नेते, वर चिमूटभर बी.
परवा खाली वाकले होते, तर
टेग मागं वळून
बराच वेळ माझ्याकडे बघत होती,
आणि सर म्हणत होते, चल गं, काय आहे तिथं,
काही नाही तिथं.