छंदाबाहेर

कवालाच्या धक्क्यावर वारा सुटला
की फेरी बंद, तिकिटाची खिडकी बंद,
आणि पुस्तक उघडं.
वर चार ओळी प्राचीन शोकांतिकेच्या,
खाली बारीक टायपात टीपाच टीपा,
कॉफीच्या तळाशी गाळ बसावा तशा.

भाषा माझीच, म्हणतात.
अक्षर न् अक्षर ओळखीचं;
वाक्य मात्र दार अर्धंच उघडून विचारतं,
कोण पाहिजे?

आज एका क्रियापदाशी अडले.
राजा हुकूम सोडतो,
दासी एकच शब्द बोलते.
भाष्यकार म्हणतो: ‘ऐकेन’ किंवा ‘सोसेन’.
भविष्यकाळात दोन्हींचं रूप एकच.
अर्थ संदर्भावरून ठरवावा.

समासात पेन्सिल: ‘कोणी?’

अर्गिरोचं अक्षर. पुस्तक तिचंच,
शाळेतलं. एकोणिसाव्या वर्षी
वडिलांनी तिला पलीकडे थासोसला दिली,
संगमरवराच्या एका खाणवाल्याला.
तीही तेव्हा एकच शब्द बोलली.
आम्ही सगळ्यांनी तो
सोयीने ऐकला.

पुढच्या पानावर किंकाळी आहे.
नुसते स्वर, व्यंजन नाही.
टीप सगळ्यात आखूड:
उद्गार. छंदाबाहेर. मात्रा मोजू नयेत.
इथे पेन्सिल नाही,
कागद तेवढा चुरगळून
पुन्हा सपाट केलेला.

काचेवर टकटक.
उद्या सुटेल का हो बोट?
वाऱ्यावर आहे, मी म्हणते,
आणि बोट त्या ओळीवरच ठेवून
पलीकडचं बेट दिसतंय का बघते.