मुदतबाह्य

चौतीस वर्षं सांगलीच्या कोर्टात काढली.
आधी बेलिफ, मग कारकून, जाता जाता नाझर.
कुठला दावा मुदतीत, कुठला मुदतीबाहेर
हे मी कागदाच्या वासावरून सांगायचो.

त्या रविवारी मिरजेत, उपासनेनंतर,
देवळामागच्या खोलीत वडिलांची बैठक होती.
बशीत भजी गार होत होती.
विषय एकच : शिफ्रा लोंढे,
मिशन दवाखान्यातली रात्रपाळीची सिस्टर,
आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीसमोर
उजाडेपर्यंत उभी असलेली
एका लग्न झालेल्या माणसाची मोटारसायकल.

"दानिएलराव, तुम्ही कोर्टातले.
पोलिसांना अर्ज लिहा. चांगलं कलम घाला."
मी म्हणालो, कलम नाही.
होतं ते पुरुषापुरतं, तेही कोर्टानं काढून टाकलं.
"म्हणजे आता ते पाप राहिलं नाही?"
यहोशवा मास्तर उसळले.
पाप आहे तिथंच आहे, मास्तर,
फक्त फौजदाराची त्याच्याशी ओळख नाही.
ओळख झाली, तर आपल्या प्रत्येकाच्या दारात
एकेक मोटारसायकल सापडेल त्याला.

सगळे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत.
ते माझ्याकडे बघत होते, की मलाच तसं वाटलं?
सातव्या आज्ञेपायी आम्ही जमलो होतो,
आणि आठवी माझ्या आतल्या खिशात
पाकिटाला चिकटून ऊब धरून बसली होती.

अबशालोम गोर्डे, एक्स-रेवाला.
दोन हजार चार साली, माझ्या प्लॉटसाठी
त्यानं चाळीस हजार दिले.
साधा कागद, माझी सही.
साक्षीदाराच्या जागी देवाला धरू, म्हणाला, हसत.
पुढच्याच वर्षी कृष्णा घाट सोडून वर आली,
त्याच्या घरात कमरेएवढं पाणी,
ट्रंकेतली माझी सही धुऊन गेली.
मग एका थंडीत तोही गेला.

मी तीन वर्षं मोजली.
भिंतीवर नाही, बोटांवर नाही,
कोर्टातल्या सवयीनं, आतल्या आत.
तीन वर्षं पुरी होऊन वर एक दिवस झाला
त्या रात्री मला गाढ झोप लागली.
ती झोप, तोच माझा गुन्हा.
गुन्हा नव्हे.
त्याला जो शब्द आहे
तो कोर्टाच्या भाषेत बसत नाही.

कायद्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं मीठ खाल्लंय.
तो कुंपण आहे, शेजाऱ्याची म्हैस अडवतो.
कुंपणाच्या आत मी काय पेरलं
हे त्यानं विचारू नये, तो विचारतही नाही.
विचारणारा वेगळा आहे.
त्याच्या दप्तरात मुदतीचं रजिस्टरच नाही.
आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी
प्याला फिरत फिरत माझ्यापाशी यायचा,
मी प्यायचो,
ओठ पुसायचो.

अर्ज मी लिहिला नाही.
पाळकसाहेब म्हणाले, पोरीला आधी जेवायला बोलवू,
बोलायचं ते तिच्या तोंडावर बोलू.
मास्तर भजी न खाताच गेले.

सोमवारी बँकेतून पैसे काढले.
चाळीस हजार, वर सहा टक्क्यांनं सरळ व्याज,
कोर्ट लावतं तेवढं.
रिबिकाबाई उंबऱ्यात लसूण सोलत होती.
मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ती झोपसुद्धा.
तिनं माफ केलं म्हटलं नाही,
शिवीही दिली नाही.
अंगठा ओला करून नोटा मोजल्या. परत मोजल्या.
मग त्यातली एक उजेडाला धरली,
अबशालोम फिल्म धरायचा तशी.

"ही चिकटवलेली आहे," म्हणाली.
"बदलून आण."

बँक बंद व्हायला वीस मिनिटं होती.
मी चप्पल घातली आणि पळालो.