वाढत्या अंगाचं

घणसोलीत, सेक्टर सातच्या तळघरात,
टेबलावर दोन पिस्तुलं :
एक आखूड, एक पूर्ण लांबीचं.
कुट्टी सर म्हणाले, घाई नको.

मी जन्मभर वाढत्या अंगाचंच घेत आलो :
गणवेश, चपला, रेनकोट,
सायकलसुद्धा, जिच्या पेडलला
जुईलीचे पाय दीड वर्षाने टेकले.
म्हणून लांबड्यावर बोट ठेवलं.
किंमत जवळपास तीच, मग कमी का घ्या?

तिने ते उचललं. एका हाताने, नियमाप्रमाणे.
चार छर्रे काळ्यात.
पाचव्याला नळीचं तोंड
झोप आलेल्या पोरासारखं कललं
आणि खाचेत माशी सापडेना.

आखूड घेतलं तेव्हा
माशी जरा जास्त थरथरली, पण
मनगट तिचं तिच्याकडेच राहिलं.

"पप्पा, दोन वर्षांनी परत घ्यावं लागेल."
सांगत होती
की विचारत होती, कळलं नाही.

अक्रोडाची मूठ, उजव्या हाताची.
मापासाठी सरांनी तिचा पंजा कागदावर ठेवून
भोवती पेन्सिल फिरवली.
काम झाल्यावर
तो कागद मी मागून घेतला.