मानस

रायबंदरच्या धक्क्यावर साखळी ओढणारा संतान
हात वर करतो : पुरे.
अजून एक स्कूटर मावली असती, सगळ्यांना दिसतं.
तो ऐकत नाही. मागचे पुढच्या फेरीला.
त्याच्यावर कुणी डूख धरत नाही.
मला एवढंच शिकायला सहा वर्षं लागली.

सहा वर्षांत रक्त चार वेळा, एक्स-रे, एमआरआय.
प्रत्येक कागदावर तोच शब्द, नॉर्मल,
आणि तो वाचून घरच्यांनी टाकलेला सुस्कारा.
मला दर वेळी कुणी खोटारडी म्हटल्यासारखं.
शेजारच्या पर्पेतने फेणी चोळून दिली.
नणंदेने देवळात गाऱ्हाणं घातलं.
मुख्याध्यापक म्हणाले, पण दिसता तर ठणठणीत!
दिसते. तोच तर घोळ आहे.

बांबोळीला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी
मानेमागे, खांद्यावर, कोपराच्या आत
नुसतं बोट टेकवलं. मी ओरडले.
त्यांनी कागदावर खुणा केल्या
आणि मान वर न करता म्हणाल्या, खरं आहे हे.
मला रडू आलं ते बोटामुळे नव्हे.
मग नाव सांगितलं. पहिलीच्या पोरांसारखं
मी ते तोडून तोडून पाठ केलं :
फाय-ब्रो-मा-यल्-जि-या.
दुखणं मेंदूकडे जातं त्या वाटेवर एक दार असतं, म्हणाल्या,
तुमचं नीट मिटत नाही.

परतताना फेरीबोटीचं इंजिन
माझ्या दाढांपर्यंत थरथरत होतं.
समोर चोडणचा बांध, आणि बांधातलं मानस.

बाहेरच्यांसाठी सांगते :
खाजनाच्या बांधाला लाकडी दारं असतात.
भरती लोटते, दारं आपोआप मिटतात.
ओहोटीला उघडतात, आतलं पाणी जाऊ देतात.
त्याला आम्ही मानस म्हणतो.
तेवीस वर्षं मराठी शिकवतेय,
मन आणि हे दार एकाच शब्दात राहतात
हे मला त्या दिवशी दिसलं.

रुझार मानस सांभाळतो. त्याला विचारलं,
दार मिटेनासं झालं तर?
लाकूड फुगतं, बाय. कालवं चिकटतात. फट राहते.
मग?
मग रोज येऊन बघायचं. चिखल, पेंढा लावायचा.
आणि खारं पाणी आत आलंच तर?
येतंच थोडं. म्हणून तर कोरगूट पेरतो आम्ही,
त्याला खार सोसतो.
एवढं बोलून तो खेकड्यांच्या टोपलीकडे वळला.

तर आता असं.
झोपेआधी अर्धी गोळी. बांधावर दहा मिनिटं चालणं,
अकरावं मोहात पाडतं, पण नाही.
मंगळसूत्र डब्यात, गळ्याला त्याचा भार होतो.
गावाने काय बोलायचं ते बोलून घेतलं.
फळ्यावर खांद्याच्या वर लिहीत नाही,
वरची अर्धी काळी जागा उंच मुलांना चित्रांसाठी दिली.
कधी ऐन शिकवताना शब्द हरवतो.
परवा 'उंबरठा' आठवेना,
मी दाराखाली हात फिरवत राहिले,
लवीनाने मागच्या बाकावरून तो आणून दिला,
रबर परत करावा तसा.

उल्हास सकाळी कसं वाटतंय विचारत नाही.
विचारतो, आज किती स्कूटर?
मी म्हणते, तीन. किंवा, आज फेरी बंद.
तो चहा टाकतो.

रोज जमतं असं नाही.
चवथीला ऐंशी नेवऱ्या केल्या.
संतानचा हात वर गेलेला दिसत होता,
साच्यावर साचा दाबत गेले,
गूळ, खोबरं, वेलची, हसणं, जावांची चेष्टा,
कितीतरी वर्षांनी मी त्या घोळक्यात होते.
पुढचे चार दिवस चादरीचं सूतसुद्धा टोचलं.
उल्हास काही बोलला नाही, पंख्याचा वेग मात्र कमी करून गेला,
वारासुद्धा लागतो हे त्याला ठाऊक आहे.

पश्चात्ताप?
बघू.
डब्यात अजून सात आहेत.