किल्ल्या

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,
मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं.
पण किल्ल्या कसल्या!
ड्यूई प्रॉसरचं कार्ड सर्व्हर-रूमला चालतच नाही.
पहारेकरीण विनिफ्रेड येते, उघडते,
आणि तो दाराशी दोन पावलं मागे सरून उभा,
तुरुंगातल्या सतरा महिन्यांची सवय.

खाली ग्रिम्सबीची गोदी, मासळीच्या वासात झोपलेली.
हा रात्रभर बँकेची दारं
बाहेरून ढकलून बघतो.
शिक्षा याचीच झाली होती. पगारही याचाच.

आईचा पासवर्ड अजून
मेलेल्या कुत्र्याचं नाव.
त्याला ठाऊक आहे. बोलत नाही.

पहाटे एक फट सापडते.
वेळ टिपतो, अहवालात घालतो.
बुजवण्याआधी
हात जरा थांबतात,
येतंय तेवढं वारं
येऊ देतात.