जवळचा नंबर

नंदुरबारात, बाजाराच्या मागच्या बोळात
माझं चष्म्याचं दुकान.
जवळचं तपासायला एक छापील तक्ता होता,
खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळींचा.
तो वाळवीनं खाल्ला, त्या वर्षी
रद्दीतून आलेलं एक पुस्तक पुढे धरलं.
मुखपृष्ठ नाही, नाव नाही.
पान पंचेचाळीस.

पहिलं गिऱ्हाईक हिलाल मापाडी.
दीडची काच घातली, वाचत सुटला मोठ्यानं,
तळाशी आला आणि पान उलटलं.
म्हटलं, आप्पा, झालं. बरोबर आहे नंबर.
थांब ना भो, म्हणे,
तो माणूस कुलूप उघडी ऱ्हायना,
उघडतं का तेवढं पाहू दे.

तेव्हापासून दूरचं की जवळचं, ते नंतर.
आधी विचारतो :
काय वाची ऱ्हायनात सध्या?
नंबर त्यावरच ठरतो, असं सांगतो.
हे निम्मं खोटं आहे.

सिंधू वळवी, नर्स, धडगावहून महिन्यातून एकदा येते.
जाडजूड कादंबरी, रात्रपाळीत,
परवा दोन बाळंतपणांच्या मधे अकरा पानं.
चांगली आहे का?
पहिली सत्तर पानं तुम्ही तिला सोसा, म्हणाली,
पुढे ती तुम्हाला सोसते.
आणि जाताना ठेवूनच गेली,
फ्रेमांच्या कपाटात, लहान मुलांच्या फ्रेमांशेजारी.
तिथून ते कपाट बिघडलं.

रऊफ पिंजारी गाद्या भरतो,
त्याला फक्त समुद्राची पुस्तकं लागतात.
समुद्र पाहिलेला नाही.
एक वाचून आणून दिलं, म्हणाला,
यानं पण पाहिलेला नाही, नुसता लिहितो.

लोटन सर कुठल्याही पुस्तकाला "ठीक" म्हणतात.
एकदाच, चष्मा पुसत, "बरं आहे" म्हणाले.
ते पुस्तक तीन वर्षं झाली
गावातच आहे कुठेतरी,
माझ्याकडे आलेलं नाही.

कोणी म्हणतं, मी कुठे वाचतो,
औषधाच्या बाटलीवरचं, एसटीची पाटी.
त्यालाही मी नीट ऐकून घेतो.
पाटी चुकली तर माणूस शहाद्याऐवजी साक्रीला उतरतो,
एवढं मोठं गोष्टीत तरी कुठे घडतं.

कस्तुराबाई मिरचीच्या पथारीवर देठं खुडते.
पन्नाशीत अक्षर शिकली, ओळीखाली बोट धरून वाचते.
तिनं नेलेलं पुस्तक परत आलं
तेव्हा पानापानांत बिया,
आणि कडेला लाल अंगठे,
कुठे पुसट, कुठे दोनदा उठलेले.
ती कुठे थांबली, ते दिसत होतं.

तेच पुढे रऊफनं नेलं, समुद्र नसताना.
चौथ्या दिवशी दारात उभा, डोळे लालभडक :
फार रडलो.
पुस्तकानं की तिखटानं, समजत नाही.
बाकावरचे तिघं एकदम म्हणाले,
मला दे ते आधी.

कस्तुराबाईला हे सांगितलं, ती हसली नाही.
शेवट माले पटना नई, म्हणाली.
त्या पोरीनं परत जायला नको होतं.
पोळ्याला वाचलेलं,
संक्रांत आली तरी तिचा राग उतरला नव्हता.
आणि मग, काच डोळ्यांवर नीट बसवत,
सहजच :
तुमी काय वाची ऱ्हायनात?

बाकावर सगळे गप्प झाले.

मी पंचेचाळिसावं पान वाचलंय.
चौदा वर्षं, दिवसातून सात-आठदा,
दुसऱ्यांच्या तोंडून,
अडखळत, घाईत, चुकीच्या जागी श्वास घेत.
खालची ओळ आली की मीच हात पुढे करायचो,
झालं, बरोबर आहे नंबर.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं.
हिलाल आप्पा बाहेर बिडी विझवत होता.
आप्पा, उघडलं का हो ते कुलूप?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
लांबचा नंबर तपासतात तसं, डोळे बारीक करून.
वाची ले ना भो, म्हणाला,
आणि सायकल काढली.

दिव्याखाली पुस्तक धरलं.
अक्षर हललं.
म्हणजे मलाही पाऊण तरी लागणार.
ड्रॉवरमधली काच काढून
नाकावर ठेवली.