काडाचं झुंबर

पानेवेझिसच्या थंडीत टीव्ही बिघडला,
आणि दुरुस्त करायचं राहूनच गेलं.
ऑड्रोनेनं टबात काड भिजत घातलं,
कोरडं काड सुईखाली चिरतं म्हणून.

गिंते मोजून कापते, बोटाएवढं एकेक.
योकूबस दोरा ओवतो, जीभ बाहेर काढून.
विल्मांतस, सहा महिने ट्रकमध्ये काढून आलेला,
"मला कुठं जमतंय," म्हणत,
नखांत ग्रीस तसंच,
एक चौकोन बांधतो.
चौकोन कसला, खेकडाच तो!
पोरं हसून लोळतात.

"सोडा, मी नीट करते,"
ऑड्रोनेच्या अगदी ओठांवर आलेलं;
तिनं ते दोऱ्यासारखं दातांनी तोडलं.

नाताळाला झुंबर टांगलं, बरोब्बर टेबलाच्या वर.
बीटच्या सुपाची वाफ लागली की हलतं,
दार आपटलं की गरगरतं,
कुणी नुसतं उसासलं तरी त्याला कळतं.

जानेवारीत ट्रक पुन्हा गेला, हॅम्बुर्गकडे.
रात्री जेवता जेवता
योकूबस मान वर करून फुंकर घालतो,
तेवढ्या एका खेकड्यावर.